अक्ष बावन्न

“तक्ता बदलत जा, सूनबाई. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आलं की पहिला तक्ता लावायचा नाही. डोळे थकले की माणूस पाठांतरावर वाचतो, आणि आपण खुळ्यासारखे त्याला शाबासकी देतो.”

मामंजींना जाऊन वीस वर्षं झाली होती. तरी कऱ्हाडातल्या ‘बोंद्रे चष्मावाले’ या दुकानाचं शटर वर करताना शरयूला त्यांचा तो खर्जातला आवाज अधूनमधून ऐकू येई. हल्ली तक्ता बदलावा इतकी गिऱ्हाइकंच येत नसत. घरोघरी बघणाऱ्याच्या डोळ्यांप्रमाणे अक्षरं बदलणारा नजरपट आला होता आणि चष्म्याचं काम बरंचसं संपलं होतं. भिंतीवर एकच तक्ता होता, कडा पिवळ्या पडलेला. बाकीचे काउंटरखाली गुंडाळून ठेवलेले.

पण संशयाला सुरुवात झाली ती घरात.

आधी कप. दुपारचा चहा तिचे यजमान वामनराव एकटेच घेत, तरी संध्याकाळी ओट्यावर दोन कप पालथे घातलेले असत. मग माक्याच्या तेलाचा वास. शरयू आयुष्यभर खोबरेल वापरत आलेली, आणि वामनरावांच्या डोक्यावर तेल लावावं असं काही उरलेलं नव्हतं. मग टेबलापाशी दुसरी खुर्ची. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे त्यांची नजर. भूमापन खात्यात चाळीस वर्षं नकाशे काढलेला हा माणूस, समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोलणारा. तो श्रावणापासून तिच्याशी बोलताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागला होता. “भाजी छान झालीय,” कॅलेंडरकडे बघून. “आज लवकर आलीस?” तेही कॅलेंडरकडेच बघून.

नजर चुकवणाऱ्या माणसाच्या मनात काय असतं, हे बायकोला कुणी शिकवावं लागत नाही.

तिनं विचारलं मात्र नव्हतं. शरयूचा स्वभावच हळू बोलण्याचा. त्यातून सकाळचं मौन. अकरा माळा जप पुरा होईपर्यंत ती तोंडातून शब्द काढत नसे. बारा वर्षांत त्यात खंड नव्हता. गावातल्या बायकांना त्या व्रताचं कौतुक होतं. ते का घेतलं, हे शरयूनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

तुळशीच्या लग्नाला चार दिवस राहिले होते. सासूबाईंनी रचलेल्या लग्नाच्या ओव्या तिला हव्या होत्या. सासूबाईंच्या हस्ताक्षरातल्या सात वह्या वामनरावांनी स्कॅन करून आपल्या लॅपटॉपवर ठेवल्या होत्या. रोज दुपारी त्यातलं एक पान मोठ्यानं वाचायचं, सातवी वही संपली की पुन्हा पहिली, असा नेम त्यांनी आईच्या तेराव्याला घेतला होता. तोही बारा वर्षं अखंड चाललेला.

वामनराव कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये दाढीला गेले होते. शरयूनं लॅपटॉप उघडला, आणि पडद्यावर सगळं धूसर. सासूबाईंचं मोत्यासारखं अक्षर ओल्या कागदावर शाई फुटावी तसं फुटलेलं.

तिनं साध्या गोष्टी आधी केल्या. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन बघितलं. ‘शिफारस केलेलं’ होतं तेच होतं. अक्षरांचा आकार शंभरचा सव्वाशे टक्के केला. अक्षरं मोठी झाली, पण मोठी आणि धूसर. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. तेच. मग ती सर्वांत खालच्या पानावर गेली. त्या पानाचं नाव ‘पाहणारा’.

नजरपटाचं शास्त्र शरयूला पाठ होतं. ज्यानं आपलं दुकान बसवलं त्याची माहिती माणूस काढतोच. पडद्याच्या वरच्या कडेला एक बारीक डोळा असतो. तो न दिसणारा किरण आपल्या डोळ्यांत सोडतो, परत येणारा किरण किती वाकडा झाला ते मोजतो, आणि त्यावरून या डोळ्याची चूक काय, हे त्याला कळतं. मग पडद्यावर पसरलेल्या लाखभर सूक्ष्म भिंगांच्या पातळ थरातून तो प्रत्येक अक्षर तेवढंच उलट्या बाजूनं वाकवून पाठवतो. डोळ्याची चूक आणि पडद्याची चूक एकमेकींना खाऊन टाकतात. एक खांदा उतरता असलेल्या माणसाला शिंपी तसाच तिरका सदरा बेततो, त्यातला प्रकार. त्याच्या अंगावर तो सदरा सरळ दिसतो. दुसऱ्यानं घातला तर वेडावाकडा.

म्हणून एकाचा पडदा दुसऱ्याला वाचता येईना झाला. पूर्वी शरयू आणि वामनराव एकच वर्तमानपत्र अर्धं अर्धं धरून वाचत. चष्मा सापडला नाही तर ती त्यांचा नाकावर चढवी. आता घरात दोन लॅपटॉप होते आणि दोघं दोन भिंतींकडे तोंड करून बसत.

पण पडदा समोर बसलेल्या माणसाप्रमाणे आपोआप बदलायला हवा होता. शरयू समोर बसून पाच मिनिटं झाली तरी बदलला नाही. कारण ‘पाहणारा’ या पानावर कुलूप होतं. कुलूप लावायची पाळी कधी येते, हेही तिला माहीत होतं. दोन माणसं शेजारी शेजारी बसली की पडद्याला कुणाचे डोळे धरावेत ते कळत नाही, अक्षरं लुकलुकायला लागतात. तेव्हा एकाचे डोळे पक्के करून टाकावे लागतात.

दोन माणसं. दोन कप.

धूसर अक्षरांपुढे शरयूनं दुकानातलं भिंग धरलं आणि एकेक आकडा लावला. ‘पाहणारा एक: वामन.’ ओळखीचे नंबर, तिनंच तीस वर्षं काढलेले. त्यापुढे ‘दुरुस्ती शक्य नाही’ असा शेरा, एकाखाली एक नऊ वेळा, सगळे श्रावण-भाद्रपदातले. ‘आपली खूण, ही नोंद, पुसून टाकायला गेले असतील आणि जमलं नसेल,’ ती मनाशी म्हणाली. ‘पाहणारा दोन: नाव नाही.’ नोंद चौदा सप्टेंबरची. डावा डोळा अधिक तीन. उजवा अधिक पावणेतीन, सिलिंडर दीड, अक्ष बावन्न.

चाळिशी कधीच ओलांडलेलं कुणीतरी. आणि बावन्न! शरयूचं बोट तिथंच थांबलं. बहुतेकांचा अक्ष, म्हणजे बुबुळाच्या वाकडेपणाची दिशा, आडव्याच्या किंवा उभ्याच्या आसपास असतो. असा मधेच कलंडलेला अक्ष बुबुळाला कधीकाळी मार बसल्याची खूण असते. आणि हा आकडा तिनं कुठंतरी पाहिलेला होता.

तिनं आकडे तळहातावर लिहिले, लॅपटॉप होता तसा मिटला आणि दुकानाची वाट धरली.

दुकानात गफूरभाई होते. मामंजींच्या काळापासून काचा घासणारे, आता दिवसभर मशीन पुसणारे.

शरयूनं जुन्या कार्डांचे खण एकामागून एक ओढायला सुरुवात केली, तेव्हा ते स्टूल घेऊन शेजारी येऊन बसले.

“बाई, गिऱ्हाईक शोधताय का चोर?”

“अजून ठरलं नाही.”

“नाव सांगा ना. अख्ख्या तालुक्याची नाकं मापलीत मी.”

“नावच तर नाही. अक्ष आहे. बावन्न.”

गफूरभाईंचा फडक्याचा हात थांबला. “उजवा?”

“तुम्हाला काय ठाऊक?”

“ठाऊक म्हणजे? तीन काचा फोडल्या मी त्या बावन्नपायी. शेठनी माझी अशी चंपी केली की दोन दिवस जेवण गेलं नाही. लहानपणी विटी लागलेली ना डोळ्याला.” ते सहज बोलून गेले. मग फडक्याची उगाच घडी करू लागले.

“बोला की, गफूरभाई.”

“काय बोलू? तुमच्याच घरातलं आहे. ‘ह’च्या खणात बघा. लग्नानंतरचं कार्ड आहे.”

‘ह’च्या खणात कार्ड होतं, मामंजींच्या तिरक्या अक्षरात. इंदुमती हुपरीकर, पाटण. उजवा, अक्ष बावन्न.

वन्सं.

शरयू कार्ड हातात घेऊन बसून राहिली. परकी बाई असती तर बरं, असा विचार तिच्या मनात येऊन गेला आणि तिची तिलाच लाज वाटली. बारा वर्षं शरयूनं बोलावलं नव्हतं आणि इंदूवन्संनी या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. सासूबाई गेल्या त्या दिवसापासून.

त्या दिवशी सकाळी सासूबाईंनी शरयूचा हात धरला होता. “इंदूला बोलाव गं.” “बोलावते,” शरयू म्हणाली होती. तापच तर होता. दुकानात त्या दिवशी शाळेची शंभर मुलं तपासणीला यायची होती. दुपारी करू फोन, असं ती म्हणाली, आणि दुपारी सासूबाई गेल्या. संध्याकाळी पाटणहून आलेल्या इंदूनं आईच्या पायांवर डोकं ठेवून विचारलं, “मला सकाळी का नाही कळवलंत?” आणि शरयूच्या तोंडून निघून गेलं, “फोन लागत नव्हता, वन्सं.”

सकाळचं मौन त्यानंतरचं. जे तोंड सकाळी शब्द देऊन संध्याकाळी खोटं बोललं, त्या तोंडाला दिवसाची सुरुवात देवाच्या नावानंच करू द्यायची.

आता वन्सं मागच्या दारानं येत होत्या. कशाला? बारा वर्षांनी कुणी नुसता चहा प्यायला येत नाही. काहीतरी हाती लागलं असेल. आईच्या त्या दिवसाबद्दल भावाचे कान भरत असतील. म्हणून तर ते आपल्या डोळ्यांत बघत नाहीत!

“गफूरभाई, शटर ओढून घ्या. मी घरी जातेय.”

“दुपारचा दीड वाजलाय, बाई.”

“म्हणूनच.”

घराच्या मागल्या बाजूला पाण्याच्या टाकीजवळ खिडकी आहे. शरयू आयुष्यात कधी कुणाच्या दाराआड उभी राहिली नव्हती. आज आपल्याच खिडकीखाली राहिली. आतून आवाज येत होता. सासूबाईंची चाल, प्रत्येक ओवीच्या शेवटी किंचित खाली उतरणारी. क्षणभर तिला सासूबाईच बसल्यात असं वाटलं. ती चाल शरयूला कधी जमली नव्हती. ती लेकीकडे गेली होती.

पान संपलं. मग बोलणं सुरू झालं.

“वहिनीला काही कळलं नाही ना?” हा इंदूचा आवाज.

“नाही. तिला कळणार नाही, मी सांगितल्याशिवाय.”

“मला नाही पटत हे, दादा. बस थांबली की उतरूच नये असं वाटतं.”

“तू शब्द दिलायस मला.”

शरयूनं खिडकीचा गज धरला. म्हणजे शब्द देण्याघेण्यापर्यंत मजल गेली होती! तिनं टाचा उंचावून गजांतून आत पाहिलं. पडद्यासमोर इंदूवन्सं. केस पांढरे, वेणी तीच, माक्याच्या तेलानं चापून बसवलेली. शेजारी वामनराव. बहिणीशी बोलत होते, आणि बघत होते कॅलेंडरकडे.

शरयू हळूच टाचांवर आली.

बायकोची नजर चुकवावी, समजण्यासारखं आहे. बहिणीची कशाला चुकवायची? जिच्याशी गुपित वाटून घेतलं तिच्यापासून काय लपवायचं?

आणि मग सगळं एकेक करून जागेवर बसलं. नऊ वेळा ‘दुरुस्ती शक्य नाही’. खूण काढताना आलेला शेरा नव्हता तो. नजरपटानं नऊ वेळा त्यांचे डोळे मोजले होते, आणि कितीही वाकवलेलं अक्षर त्या डोळ्यांत नीट बसत नव्हतं. भिंगाची चूक असेल तर पडदा ती खाऊन टाकतो. डोळ्याच्या भिंगामागच्या, आतल्या पडद्यालाच मधोमध डाग पडला तर बाहेरचा पडदा काय करणार? ज्याचं मधलं दिसणं जातं तो माणूस बाजूला बघतो. कडेच्या शाबूत नजरेत समोरच्याचा चेहरा पकडायला बघतो. कॅलेंडरकडे बघणारा तिचा नवरा इतके दिवस तिलाच बघायची धडपड करत होता.

पण चैत्रात आपण त्यांना तपासलं होतं. शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचून दाखवलं होतं त्यांनी.

‘तक्ता बदलत जा, सूनबाई.’

ती आल्या पावली दुकानात परतली.

संध्याकाळी तिनं वामनरावांना दुकानात बोलावून घेतलं. “एकदा नंबर तपासायचाय,” एवढंच म्हणाली. गफूरभाई त्यांना हाताला धरून घेऊन आले, पायरीपाशी गप्पांच्या ओघात सावरत.

“बसा. आधी उजवा डोळा झाका. घट्ट. मी तक्ता सरळ करते.”

वामनरावांनी झाकणी उजव्या डोळ्यावर धरली. शरयूनं भिंतीवरचा तक्ता काढला आणि उलटा करून टांगला. कोरी पांढरी पाठ बाहेर.

“हं, वाचा.”

“क,” वामनराव म्हणाले. “म, ट. न, र, ग...” आवाज खणखणीत होता. दुसरी ओळ, तिसरी, चौथी. कोऱ्या पुठ्ठ्यावरून ते शेवटच्या बारीक ओळीपर्यंत एकही अक्षर न चुकता आले. “जमलं का, डॉक्टरीणबाई?”

कोपऱ्यात गफूरभाईंनी फडकं तोंडावर धरलं होतं.

“जमलं,” शरयू म्हणाली. तिला आपला आवाज ओळखू आला नाही. तिनं काउंटरखालचा जुना तक्ता काढून टांगला. “आता डावा झाका. उजव्यानं वाचा.”

“प,” ते म्हणाले. मग थांबले. मान थोडी तिरकी केली. “स... आणि हे... हे वाकडं दिसतंय. ल असावं.” तिसऱ्या ओळीशी गाडी थांबली ती थांबलीच. 

“हा तक्ता वेगळा आहे,” वामनराव हळूच म्हणाले.

“मघाचा कोरा होता.”

त्यांनी झाकणी खाली ठेवली. “कोरा?”

“अख्खा कोरा वाचलात तुम्ही. एकही चूक नाही.”

ते हसले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा मोडला. “तीस वर्षं बघतोय तो तक्ता. झोपेत म्हणेन.”

“अहो, का? घरात डोळे तपासणारी बायको असताना?”

“म्हणूनच. बोंद्रेबाईंच्या नवऱ्याचा डोळा गेला आणि तिला कळलंसुद्धा नाही, असं गावानं म्हटलं असतं. चार गिऱ्हाइकं उरलीत तुझी. तीही गेली असती.”

“आग लागो त्या चार गिऱ्हाइकांना!” शरयू एवढ्या मोठ्यानं कधी बोलली नव्हती. गफूरभाई बाहेर जाऊन उभे राहिले. “डावा गेला. उजवा अजून हातात आहे. मिरजेला इंजेक्शनं देतात, डाग तिथंच थांबतो. पण वेळेत दिली तर. आठवडे मोजायचे असतात यात, कळतंय का तुम्हाला?”

“इंदूपण तेच म्हणते.” आणि मग त्यांना कळलं आपण काय बोललो ते.

“ठाऊक आहे मला. अक्ष बावन्न.”

वामनरावांनी मान खाली घातली. “आईचं पान खंडायला नको होतं. मला वाचता येईना. इंदूला चाल येते. तुला काय सांगणार? तिचं नाव निघालं की तू स्वयंपाकघरात जातेस.”

शरयू समोरच्या स्टुलावर बसली. बारा वर्षं जे जपाखाली दाबून ठेवलं होतं ते सांगायला तिला एकच वाक्य लागलं. “त्या दिवशी फोन लागत होता.”

“मला माहीत आहे.”

“काय?”

“त्याच फोनवरून मी डॉक्टरांना बोलावलं होतं. चांगला चालू होता.”

“आणि बारा वर्षं बोलला नाहीत?”

“तू सकाळी गप्प बसायला लागलीस. म्हटलं, हिचं हिला कळलंय. मी आणखी काय बोलू?”

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांना ते दिसत होतं की नाही कुणास ठाऊक. त्यांनी कॅलेंडर नसलेल्या भिंतीकडे मान वळवली, म्हणजे तिच्याकडे पाहिलं.

“वन्संना ठाऊक आहे?”

“छे. ती अजून त्या फोन कंपनीला शिव्या घालते.”

दोघांनाही हसू आलं, आणि ते हसू लगेच विरलं.

“मिरजेला येता ना?” तिनं विचारलं. “गुरुवारीच.”

“येतो. पण चार-आठ दिवस तिथं राहावं लागलं तर पान...”

“पान नाही खंडणार. तिथं वाचायला आणते मी त्यांना. आधी आपल्या घरी, पुढच्या दारानं.”

“येईल ती? हे सगळं ऐकल्यावर?”

“ते त्यांनी ठरवायचं. माझं बोलावणं राहिलंय. ते मी करणार.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शरयूनं तुळशीला पाणी घातलं आणि देवापुढे बसली. दहा माळा झाल्या. अकरावी तिनं तशीच मुठीत ठेवली.

टेबलावर वामनरावांचा लॅपटॉप होता. तिनं तो उघडून ‘पाहणारा’चं पान काढलं. कुलपाला तिनं हात लावला नाही. पडदा तिला धूसरच दिसत होता, दिसू दे. ‘पाहणारा दोन’च्या पुढे जिथं नाव नव्हतं तिथं तिनं अंदाजानं कळा दाबल्या: इंदू.

वामनराव दारात आले होते. “निघालीस?” त्यांनी विचारलं. तिनं मान हलवली. मग त्यांना ती दिसणार नाही हे लक्षात येऊन त्यांचा हात हातात घेऊन दाबला. जप पुरा व्हायचा होता, त्यामुळे बोलता येत नव्हतं.

अकरावी माळ पाटणच्या एसटीत म्हणायची होती. शेवटचा मणी वन्संच्या दारात. म्हणजे आजच्या दिवसाचा पहिला शब्द त्यांच्यासमोर तोंडातून निघेल, आणि तो खरा असेल.

तिनं चपला घातल्या, पुढचं दार उघडं ठेवलं आणि स्टँडच्या दिशेनं चालायला लागली.